‘बाल्टो’ मुलांना जरूर दाखवावा, पण उरलेले १९ टप्पेही सांगावेत

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

कुटुंबाने एकत्र बसून पाहावेत अशा ॲनिमेशनपटांची ओळख आपल्या मुलांच्या पानावर करून दिली जाते. त्यात नुकताच ‘बाल्टो’ या १९९५ सालच्या चित्रपटाचा समावेश झाला, याचा मला मनापासून आनंद झाला. अलास्कातील नोम या गावी घटसर्पाची साथ आली असता बर्फातून औषध घेऊन येणाऱ्या स्लेज-कुत्र्याची, म्हणजे बर्फावरून घसरत जाणारी गाडी ओढणाऱ्या कुत्र्याची, ही कथा आहे. चित्रपट सत्य घटनेवर आधारित असल्याचा उल्लेख आपल्या मजकुरात होता, परंतु ती घटना नेमकी काय होती हे मात्र सांगितलेले नव्हते. माझे म्हणणे एवढेच आहे की मूळ घटना चित्रपटापेक्षा कितीतरी मोठी आहे, आणि चित्रपटाने तिच्यातला जो भाग गाळला तोच मुलांपर्यंत पोहोचण्याची सर्वांत जास्त गरज आहे.

चित्रपटाविषयी आधी चांगले बोलले पाहिजे, कारण तो चांगला आहे. सायमन वेल्स यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या लंडनमधील ॲम्ब्लिमेशन या स्टुडिओत तयार झाला आणि तो त्या स्टुडिओचा अखेरचा चित्रपट ठरला. संपूर्णपणे संगणकावर बनलेला पहिला दीर्घ ॲनिमेशनपट अमेरिकेत झळकल्यानंतर महिनाभरातच हा हाताने रेखाटलेला चित्रपट आला आणि चित्रपटगृहांत त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. पुढे घरी व्हिडिओवर पाहणाऱ्या मुलांनी त्याला खरा प्रेक्षक मिळवून दिला. केव्हिन बेकन यांचा आवाज लाभलेला बाल्टो अर्धा लांडगा असल्यामुळे गावाबाहेर राहतो, लोक त्याच्यापासून मुलांना दूर ओढतात आणि स्टील नावाचा गर्विष्ठ कुत्रा त्याला संधी मिळू देत नाही. औषध आणायला गेलेली एकमेव स्लेज परतीच्या वाटेवर भरकटते, तेव्हा हाच बहिष्कृत प्राणी तिच्या शोधात निघतो. कड्यावरून कोसळून बर्फात पडलेल्या बाल्टोसमोर पांढरा लांडगा येऊन उभा राहतो, ते दृश्य तर मला अलीकडच्या अनेक महागड्या चित्रपटांपेक्षा सरस वाटते. तिथे बोलणे फार थोडे आहे. जेम्स हॉर्नर यांचे संगीत आणि रेखाटलेले डोळे यांच्यावर सगळा भार टाकलेला आहे, आणि ज्या रक्ताची आजवर लाज वाटत आली त्याच रक्तातून बळ मिळते ही गोष्ट लहान मुलालाही न सांगता कळते.

आता मूळ घटनेकडे वळते. घटसर्प हा रोग आजच्या पालकांना मुलांच्या लसीकरणाच्या कार्डावरील नावापुरताच ठाऊक असतो, आणि ते लसीचे मोठे यश आहे. १९२५ साली मात्र हा रोग लहान मुलांचा काळ होता. त्याचे जंतू घशात वाढतात आणि एक विष तयार करतात. त्या विषाने मेलेल्या पेशींचा जाड करडा पापुद्रा घशात साचून श्वासाची वाट बंद होऊ लागते आणि विष रक्तात उतरले की हृदयावर आघात होतो. त्यावरील उपाय म्हणजे घोड्यांच्या रक्तापासून तयार केलेले प्रतिविष. ते लवकर टोचले तरच उपयोग होतो, कारण एकदा पेशींत शिरलेले विष त्याला निष्प्रभ करता येत नाही. प्रत्येक तासाला किंमत होती ती यामुळे. चित्रपटातील धावपळ कुणाला कथेसाठी रंगवलेली वाटू शकेल, पण घाईचे कारण अगदी खरे होते.

नोम हे बेरिंग समुद्राच्या काठचे गाव. हिवाळ्यात समुद्र गोठला की जहाजे येणे महिनोन्‌महिने बंद. गावात डॉ. कर्टिस वेल्च हे एकटेच डॉक्टर होते. त्यांनी नव्या प्रतिविषाची मागणी आदल्या वर्षीच नोंदवली होती, पण बंदर बंद होण्यापूर्वी ते आले नाही, आणि हाताशी होता तो साठा मुदत उलटून गेलेला होता. १९१८च्या इन्फ्लुएन्झाने त्या परिसरातील मूळ रहिवाशांची वस्तीच्या वस्ती कशी उजाड केली हे लोकांच्या स्मरणात ताजे होते. १९२५च्या जानेवारीत मुले दगावू लागली, तेव्हा वेल्च यांनी तारेने मदत मागितली. अँकरेजच्या रुग्णालयात तीन लाख युनिट प्रतिविष सापडले. साथ पुरती निवारायला ते अपुरे होते, पण मोठा साठा येईपर्यंत तग धरता आला असता. ते रेल्वेने नेनाना या स्थानकापर्यंत आले आणि तिथून पुढे नोमकडे रेल्वे नव्हती. पुढचे सुमारे १,०८५ किलोमीटर अंतर बर्फ, नदी आणि गोठलेल्या समुद्रावरून काटायचे होते. त्या काळची उघड्या आसनाची विमाने अशा थंडीत उडवणे धोक्याचे होते आणि विमान कोसळले असते तर औषधही गेले असते. त्यामुळे गव्हर्नर स्कॉट बोन यांनी कुत्र्यांच्या स्लेजवर भिस्त ठेवली. ज्या वाटेवर टपालाला साधारण २५ दिवस लागत, ती वाट टप्पे पाडून अखंड धावत संपवायची असे ठरले.

चित्रपटाने नेमके हेच टप्पे पुसले आहेत. प्रत्यक्षात २० स्लेजचालक आणि सुमारे १५० कुत्रे या कामी लागले. एकाने दुसऱ्याच्या हाती औषध द्यायचे, मधल्या खोपटात ते शेकोटीजवळ ऊबदार करून घ्यायचे आणि पुढच्याने निघायचे, असे साडेपाच दिवस रात्रंदिवस चालले. २७ जानेवारीच्या रात्री नेनानाहून पहिला निघाला तो ‘वाइल्ड बिल’ शॅनन. उणे ४५ अंश सेल्सियसच्याही खाली गेलेल्या थंडीत त्याचा चेहरा हिमदंशाने काळा पडला आणि त्याचे काही कुत्रे पुढे दगावले. त्यानंतरच्या टप्प्यावरील एडगर कॅलंडचे हात मॅन्ली हॉट स्प्रिंग्ज येथे पोहोचेपर्यंत स्लेजच्या दांडीला गोठून चिकटले होते आणि ते सोडवण्यासाठी दांडीवर गरम पाणी ओतावे लागले. एडगर नोलनरने गलीना येथे आपला भाऊ जॉर्ज याच्या हाती औषध दिले, जॉर्जने ते चार्ली एव्हान्सकडे पोहोचवले. एव्हान्सचे पुढचे दोन्ही कुत्रे वाटेतच थंडीने कोसळले, तेव्हा त्याने त्यांना स्लेजवर ठेवले आणि स्वतः पट्टा अंगावर चढवून उरलेल्या कुत्र्यांबरोबर स्लेज ओढत नुलाटो गाठले.

ही माणसे चित्रपटात असती तर कथेची गती मंदावली असती, हा युक्तिवाद मला पटत नाही. स्वतः कुत्र्याच्या जागी जुंपून घेणारा चार्ली एव्हान्स पडद्यावर दिसला असता तर कोणते मूल जागचे हलले असते? युकॉन नदीकाठच्या टप्प्यांवरील यांपैकी अनेक जण अलास्काच्या मूळ रहिवाशांपैकी, अथाबास्कन समाजाचे होते, आणि एरवी टपाल व सामान वाहून नेत असल्यामुळे त्या वाटा त्यांच्या पायाखालच्या होत्या. चित्रपटात त्यांचा मागमूसही नाही. तिथे स्लेज एकच, चालक एकच, आणि तोही लवकरच बेशुद्ध पडतो.

सर्वांत मोठा अन्याय झाला आहे तो टोगो या कुत्र्यावर. नॉर्वेत जन्मलेला लिओनार्ड सेप्पाला हा त्या काळचा अलास्कातील सर्वांत नावाजलेला स्लेजचालक, आणि १२ वर्षांचा टोगो हा त्याचा म्होरक्या, म्हणजे जोडणीच्या अग्रभागी धावून वाट ठरवणारा कुत्रा. औषधाला सामोरे जाण्यासाठी सेप्पाला नोमहून उलट दिशेने निघाला. त्याची एकुलती एक मुलगी त्याच गावात, त्याच साथीत मागे राहिलेली होती. तो वाटेवर असताना टप्प्यांची योजना बदलली आणि हे त्याला कळवायला कोणतेच साधन नव्हते. शाक्तूलिकजवळ हेन्री इव्हानोफ याचे कुत्रे एका रेनडिअरवरून आपसात गुंतले असताना सेप्पाला समोरून भरधाव आला. इव्हानोफने ओरडून त्याला थांबवले नसते तर औषध हाताशी असूनही तो पुढे निघून गेला असता. औषध घेऊन त्याने लगेच तोंड फिरवले आणि वादळात, अंधारात, नॉर्टन साऊंड ही गोठलेली समुद्राची खाडी दुसऱ्यांदा ओलांडली. त्यानंतर काही तासांतच त्या खाडीतला बर्फ फुटला. टोगोने औषधासह सुमारे १४६ किलोमीटर अंतर तोडले, आणि औषधाला सामोरे जाण्याची दौड धरली तर ४०० किलोमीटरच्या वर. बाकीच्यांच्या वाट्याला सरासरी ५० किलोमीटरच्या आसपास अंतर आले होते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते.

बाल्टोने काहीच केले नाही असा याचा अर्थ मुळीच नाही. बाल्टोच्या स्लेजचा चालक गुन्नार कासेन याने ब्लफ येथे चार्ली ओल्सनकडून औषध घेतले तेव्हा हिमवादळ इतके दाट होते की त्याला स्वतःचे कुत्रेही नीट दिसत नव्हते. वाऱ्याच्या एका तडाख्याने स्लेज उलटली, औषधाचे पुडके बर्फात पडले आणि कासेनला ते उघड्या हातांनी चाचपडत शोधावे लागले. पोर्ट सेफ्टी येथे पुढचा चालक एड रोन होता. एवढ्या वादळात कासेन येणार नाही असे समजून तो झोपला होता, आणि खोपटात दिवा दिसेना म्हणून कासेन तसाच पुढे निघाला. २ फेब्रुवारीच्या पहाटे साडेपाचच्या सुमारास बाल्टोच्या मागोमाग स्लेज नोमच्या रस्त्यावर आली. एकही कुपी फुटलेली नव्हती. डोळ्यांनी वाट दिसत नसताना नाकाने आणि पायांनी ती धरून ठेवणे हे कर्तृत्वच आहे, आणि ते कोणीही हिरावून घेऊ नये.

येथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. खरा बाल्टोही सेप्पालाच्याच कुत्र्यांपैकी होता आणि सेप्पाला त्याला दुय्यम दर्जाचा, सामान ओढण्यापुरता कुत्रा मानत असे. म्होरक्या होण्याची कुवत त्याच्यात नाही असे त्याच्या मालकाचे मत होते, आणि तरीही कासेनने त्याला पुढे जुंपले. म्हणजे उपेक्षित ठरलेल्या प्राण्याने आपली योग्यता सिद्ध केली हा चित्रपटाचा गाभा इतिहासातच सापडत होता, त्यासाठी लांडग्याचे रक्त कल्पायची आवश्यकताच नव्हती. क्लीव्हलंडच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात जतन केलेल्या बाल्टोच्या कातडीच्या नमुन्यावरून त्याच्या जनुकांचा अभ्यास झाला आणि तो २०२३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, त्यातही त्याच्यात लांडग्याचा वंश आढळला नाही. एका मालकाचा चुकीचा अंदाज ही वंशाच्या कलंकाइतकी नाट्यमय गोष्ट नसेल, पण वर्गातल्या कितीतरी मुलांना ती अधिक जवळची वाटेल. ‘तुला हे जमणार नाही’ असे घरच्याच माणसाने ठरवून टाकलेले असणे हा अनुभव त्यांना परका नसतो.

मग सारे श्रेय एकट्या बाल्टोकडे कसे गेले? संपादक महोदय, याचे उत्तर आपल्या व्यवसायाकडे बोट दाखवते, म्हणून ते मी मोकळेपणाने लिहिते. अमेरिकेतील वृत्तपत्रे त्या आठवड्यात दररोज नोमची बातमी पहिल्या पानावर छापत होती, आणि गावात शिरणारी शेवटची स्लेज ज्याने ओढली त्याचे छायाचित्र काढणे सोपे होते. टोगो तेव्हा छायाचित्रकारांपासून फार दूर होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये शिल्पकार फ्रेडरिक रॉथ यांनी घडवलेला बाल्टोचा ब्रॉन्झ पुतळा उभा राहिला आणि अनावरणाला स्वतः बाल्टो हजर होता. चित्रपटाची सुरुवात आणि शेवट याच पुतळ्यापाशी, खऱ्या नटांसह चित्रित केलेल्या प्रसंगाने होतो. गंमत अशी नव्हे, खेद असा की त्या पुतळ्याखालचा फलक चित्रपटापेक्षा अधिक न्यायी आहे. त्यावर बाल्टोची कहाणी नाही. नेनानापासून संकटग्रस्त नोमपर्यंत हातोहात प्रतिविष पोहोचवणाऱ्या सगळ्या स्लेज-कुत्र्यांच्या अदम्य वृत्तीला तो पुतळा अर्पण केलेला आहे. ज्यांनी तो उभारला त्यांना अनेकवचन ठाऊक होते, आणि ७० वर्षांनी त्याच जागेवर कॅमेरा लावणाऱ्यांनी ते सोडून दिले.

नंतरची हकिगत तर अशी आहे की तिच्यावर वेगळा चित्रपट व्हावा. नाटकघरांतून मिरवून झाल्यावर बाल्टो आणि त्याचे सहा सोबती विकले गेले आणि लॉस एंजेलिस येथे दहा सेंटांत कुणीही पाहावे अशा एका हलक्या प्रदर्शनात हाल सोसत बांधलेले राहिले. क्लीव्हलंडचे व्यावसायिक जॉर्ज किंबल यांनी १९२७ साली त्यांना तेथे पाहिले. दोन आठवड्यांत २,००० डॉलर जमवले तर कुत्रे सोडवता येतील असे ठरले, आणि क्लीव्हलंडच्या वृत्तपत्राने आवाहन करताच शाळकरी मुलांनी आपल्या जवळची नाणी आणून दिली. पैसे मुदतीच्या आधीच जमले. मार्चमध्ये सातही कुत्र्यांची त्या शहरात मिरवणूक निघाली आणि पुढे ते तेथील प्राणिसंग्रहालयात सुखाने राहिले. १९३३ साली बाल्टो वारला. मुलांचे प्राण वाचवायला जो धावला त्याला दोन वर्षांनी दुसऱ्या शहरातील मुलांनीच बंदिवासातून सोडवले, आणि आधी ज्या वृत्तपत्रसृष्टीने त्याला डोक्यावर घेऊन सोडून दिले होते तिच्यातल्याच एका पत्राने या कामी पुढाकार घेतला, हे मला या सबंध प्रकरणातले सर्वांत समाधानाचे पान वाटते. टोगोचा न्याय अधिक उशिरा झाला. तो १९२९ साली मेन राज्यात वारला, २००१ साली न्यूयॉर्कच्या सेवर्ड पार्कमध्ये त्याचा पुतळा उभारला गेला आणि २०१९ साली त्याच्यावरही एक चित्रपट आला.

काही पालक म्हणतील की लहान मुलांना एकच नायक लागतो, वीस जणांची नावे त्यांच्या लक्षात राहत नाहीत. मला याच्या उलट अनुभव आहे. खेळात एकाने दुसऱ्याच्या हाती काही सोपवायचे असेल तर मुले जीव ओतून खेळतात, आणि ते हातातून निसटू नये याची त्यांना जी धास्ती वाटते ती कुठल्याही खलनायकाच्या भीतीपेक्षा खरी असते. नोमच्या वाटेवर तर खलनायकच नव्हता. स्टीलसारखा दुष्ट कुत्रा निर्माण करावा लागला, कारण एकाच नायकाची कथा लिहायचे ठरले की त्याला अडवणारा कोणीतरी आणावाच लागतो. वाऱ्याचा, अंधाराचा आणि घड्याळाचा अडथळा त्या २० जणांना पुरेसा होता.

म्हणून माझी विनंती आहे की आपण हा चित्रपट सुचवणे थांबवू नये, परंतु मुलांच्या पानावर एकदा त्याच्या जोडीला या मार्गाचा नकाशा छापावा. नेनाना, टोलोव्हाना, मॅन्ली हॉट स्प्रिंग्ज, टॅनाना, गलीना, नुलाटो, कॅल्टॅग, उनालाक्लीत, शाक्तूलिक, गोलोविन, ब्लफ आणि नोम ही ठिकाणे त्यात दाखवावीत आणि प्रत्येक टप्प्यासमोर तो पार करणाऱ्याचे नाव द्यावे. ‘बाल्टो’ प्रदर्शित झाला तेव्हा या २० जणांपैकी एडगर नोलनर हयात होते आणि पुढे १९९९ साली, वयाच्या ९४व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचे आणि त्यांच्या भावाचे नाव त्या नकाशात गलीनाच्या शेजारी ठळक अक्षरांत यावे, अशी माझी विशेष इच्छा आहे. नकाशासाठी लागणारा मजकूर तयार करून देण्यास मी आनंदाने तयार आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
एक शिक्षिका व नियमित वाचक